आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मोबाइल सावकाश चार्ज झाला की वसतिगृहातले विद्यार्थीमित्र एक्स्टेन्शन बोर्डाच्या नावाने खडे फोडतात. हा अन्याय आहे! भिंतीतला विद्युतदाब २३० व्होल्ट. २० वॅटचा चार्जर त्यातून जेमतेम ०.१ अँपिअर प्रवाह घेतो. एवढ्याने दहा मीटर वायरीतही दाब नगण्यच घटतो. खरी गळती चार्जरपुढच्या केबलमध्ये. तिथे ५ व्होल्टवर २ अँपिअर वाहत असतील आणि बारीक तारांचा रोध ०.२५ ओहम असेल, तर अर्धा व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा, वाटेतच उष्णता होऊन जातो.

मग बोर्डापासून धोका नाहीच का? आहे, पण तो वेगळाच. त्याच बोर्डावर १५०० वॅटची पाणी तापवायची रॉड लावली की साडेसहा अँपिअर वाहतात. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चार्जरच्या हजारो पट! आगीचे भय आहे ते इथे.

म्हणून वसतिगृहप्रमुखांना विनंती : बोर्ड जप्त करण्याऐवजी रॉडवर बंदी घाला, गरम पाण्याची सोय करा आणि प्रत्येक टेबलाशी एक सॉकेट द्या. आणि मित्रहो, आपण स्वस्त केबलचा मोह सोडू या!