गुणवत्ता कोणाची, गल्ला कोणाचा?

परीक्षेत सरासरी गुण मिळवणाऱ्या डॉक्टरने हृदयरोगतज्ज्ञ होण्याची आकांक्षा बाळगावी काय? हा प्रश्न विचारताच आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्ग तत्परतेने उत्तर देतो : हृदयाच्या नाजूक रक्तवाहिनीत तार घालणारा हात पहिल्या क्रमांकाचाच असला पाहिजे! उत्तर बिनतोड वाटते खरे. परंतु त्यात एक मोठी लबाडी दडलेली आहे. हा प्रश्न या देशात सर्वांना विचारला जात नाही. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्यालाच तो विचारला जातो.

प्रथम ही शिडी कशी उभी केली आहे ते पाहू. हृदयरोगशास्त्रातील डी. एम. होण्यासाठी आधी मेडिसिन किंवा बालरोग अशा एखाद्या विषयातील एम. डी. लागते. एम. डी.च्या दारावर नीट-पीजी ही परीक्षा उभी आहे : साडेतीन तास, २०० प्रश्न, ८०० गुण; बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. ते दार ओलांडले की तीन वर्षांनी पुन्हा नीट-एसएस, जी २०१७ पासून अतिविशेष अभ्यासक्रमांसाठी देशभर घेतली जाते. रुग्णाची नाडी हातात घेऊन डॉक्टर काय करतो, हे या दोहोंपैकी एकही परीक्षा तपासत नाही. चार पर्यायांतून एक निवडण्याचा वेग ती तपासते, आणि शिकवणी वर्गांना फी मोजून वर्ष-दोन वर्षे बिनकमाईचे घरी बसणे ज्याला परवडते, त्याचा वेग साहजिकच वाढतो.

आता असे धरू या की, एस.टी. चालकाची मुलगी आणि साखर कारखान्याच्या संचालकाचा मुलगा अशा दोघांनाही या परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळाले. शासकीय महाविद्यालयातील मेडिसिनच्या जागा त्या क्रमांकापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधीच संपलेल्या असतात. चालकाच्या मुलीला सांगितले जाते, ‘बाई, तुझी गुणवत्ता कमी पडली.’ संचालकाच्या मुलासाठी मात्र अभिमत विद्यापीठाचा व्यवस्थापन कोटा आहे, तोही हुकला तर अनिवासी भारतीयांचा कोटा आहे. तीन वर्षांचे शुल्क कोटीच्या घरात, प्रसंगी त्याहूनही पुढे जाते. गुण तेच, परीक्षा तीच, उत्तरपत्रिकाही त्याच मोलाची. परंतु एकीच्या बाबतीत सरासरी गुण ही अपात्रता ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती निव्वळ एक किंमत ठरते.

ही किंमत काही आकाशातून पडलेली नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची दारे उघडली, आणि शिक्षणसम्राट नावाची नवी जात जन्माला आली. देणग्यांचा बोभाटा झाला, तेव्हा १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला. आज ती देणगी टेबलाखालून टेबलावर आली आहे. तिला पावती मिळते, इतकाच काय तो फरक.

तरीही जागा रिकाम्या राहू लागल्या. तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र! उणे गुण मिळवणाराही पात्र! जागा वाया जाऊ नयेत, हे सरकारचे समर्थन. शरीररचनाशास्त्रासारख्या विषयांच्या जागा पुढे पोट भरण्याची शाश्वती नाही म्हणून ओस पडतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ज्या जागा केवळ शुल्कापायी ओस पडतात, त्यांचे शुल्क उतरवण्याचे सरकारला का सुचले नाही? पात्रता उतरवणे सोपे वाटले आणि शुल्काला हात लावणे अवघड वाटले, यातच सरकार कोणाचे आहे हे दिसून येते.

२००६ च्या मे महिन्यात इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के आरक्षणाविरुद्ध दिल्लीच्या एम्समधील डॉक्टर संपावर गेले होते. गुणवत्ता बुडाली, असा आक्रोश झाला होता. २०२३ साली गुणवत्तेची पायरीच काढून टाकली गेली, तेव्हा तो आक्रोश कोठे गेला? पंजाब सरकारने २०२४ साली अनिवासी कोट्यात दूरचे नातेवाईकही घुसवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकाराला फसवणूक म्हटले, तेव्हाही कोणी पांढरे कोट रस्त्यावर आणले नाहीत. जातीच्या अन्यायावरचा उतारा यांना सलतो, पैशाचे आरक्षण मात्र सलत नाही.

कोणी म्हणेल, मग काय, कोणीही यावे आणि हृदयावर हात चालवावा? मुळीच नाही. डॉक्टर सक्षमच हवा, याबाबत आमचा आग्रह इतरांहून तसूभरही कमी नाही. परंतु प्रवेशपरीक्षेतील क्रमांक हा रांगेतील जागा सांगतो, सक्षमता सांगत नाही. सक्षमता ठरते ती तीन वर्षांच्या निवासी कामाने आणि शेवटच्या परीक्षेने. आणि ही शेवटची परीक्षा अभिमत विद्यापीठे आपल्याच विद्यार्थ्यांसाठी स्वतःच घेतात! गुणवत्तेची खरी चाड असेल तर अखेरची परीक्षा सर्वांना एकच ठेवा, परीक्षक बाहेरचे आणा. चालकाची मुलगी त्या परीक्षेला भिणार नाही.

हा केवळ विद्यार्थ्यांचा प्रश्न नव्हे. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची सुमारे ८० टक्के तूट होती. भामरागडच्या माणसाच्या छातीत कळ आली, तर नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. कोटभर रुपये ओतून झालेला तज्ज्ञ ते वसूल करायला भामरागडला जाणार आहे काय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पदव्युत्तर आणि अतिविशेष जागा सरकारने आपल्या रुग्णालयांत वाढवाव्यात. खाजगी शुल्कावर कठोर मर्यादा घालावी. आणि दुर्गम भागातील सेवेला प्रवेशात मोल द्यावे. यासाठी नवा शोध लावण्याचीही गरज नाही. अशा सेवेसाठी दरवर्षी १० टक्के, कमाल ३० टक्के जादा गुण देण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली उचलून धरली. २०२० साली घटनापीठाने सेवेतील डॉक्टरांसाठी जागा राखण्याचा राज्यांचा अधिकारही मान्य केला. आदिवासी पाड्यावर तीन पावसाळे काढलेल्या डॉक्टरचे गुण सरासरी नसतात. ते मोजणारी फूटपट्टी सरासरी असते.

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकीही काहींनी शेत विकून, कर्ज काढून मुलांना व्यवस्थापन कोट्यात बसवले आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाप म्हणून माणूस हतबल होतो. परंतु त्या हतबलतेला आपण नशीब म्हणू लागलो, तर लढा तेथेच संपतो. येत्या प्रवेशाच्या वेळी प्रत्येक जिल्ह्यातील साथींनी दोनच आकडे जाहीरपणे मागावेत : आपल्या शासकीय महाविद्यालयात पदव्युत्तर जागा किती, आणि शेजारच्या खाजगी महाविद्यालयात तीच जागा कितीला? या दोन आकड्यांतील अंतर लोकांना एकदा दिसले, की गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्यांना तोंड लपवायला जागा उरणार नाही.