लाईट गेल्यावर काय वाजवणार?

कामशेतच्या पुढे, पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, एका मित्राच्या काकांची बंद पडलेली पोल्ट्री होती. कोंबड्या गेल्या, वास राहिला आणि त्या वासात आमचा बँड उभा राहिला. चार पोरं, दोन भाड्याचे अँप, एक सेकंडहँड ड्रमसेट. आम्ही मेटल वाजवायचो. निदान आम्हाला तरी तसं वाटायचं.

मावळातला जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आमचा त्यावरचा उपाय एकच होता, अँप अजून वाढवायचा. एका संध्याकाळी वारा सुटला, कुठेतरी तारेवर झाड पडलं आणि लाईट गेली. अँप गप्प. थोड्या वेळानं पाऊसही ओसरला. आमच्या गिटारवाल्यानं कोपऱ्यातली साधी लाकडी गिटार उचलली आणि काहीतरी वाजवायला घेतलं. संथ होतं, मात्रा आडव्यातिडव्या पडत होत्या आणि मधेच एक सूर असा यायचा की तो चुकून लागलाय की मुद्दाम, ते कळेना. वाजवून झाल्यावर त्यानं विचारलं, "हे आपल्या सेटमध्ये घ्यायचं का?"

"काय रे, अंगाई आहे का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

पुढच्या महिन्यापासून तो यायचा बंद झाला. कारण क्लासचं सांगितलं. आम्हीही ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

हा लेख त्या हसण्याच्या विरोधात आहे. आणि ते हसणं फक्त आमच्या पोल्ट्रीत होतं असं मुळीच नाही. हेवी रॉक किंवा मेटल ऐकणाऱ्या कुठल्याही टोळक्यात जा. बँडनं जरा आवाज खाली आणला, डिस्टॉर्शन बंद केलं, बासरी किंवा पियानो आणला, की ठरलेले शेरे येतात: 'विकले गेले', 'म्हातारे झाले', 'हे गर्लफ्रेंडसाठी केलेलं गाणं'. आणि अंगठा स्किपवर जातो. माझं म्हणणं असं की बहुतेक मोठ्या हेवी बँडांची खरी छाती त्याच स्किप केलेल्या गाण्यांत दिसते.

पहिला पुरावा लेड झेपलिनचा. १९६९ साली त्यांचे दोन अल्बम आले आणि जगातला सगळ्यात वजनदार आवाज असलेला बँड म्हणून त्यांचं नाव झालं. मग १९७० मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट वेल्सच्या डोंगरातल्या 'ब्रॉन-अर-आयर' नावाच्या अठराव्या शतकातल्या झोपडीवजा घरात जाऊन राहिले. तिथं वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. म्हणजे तिथं लाईट जाण्याचा प्रश्नच नव्हता, ती नव्हतीच! हातात होत्या त्या अकूस्टिक गिटार. ऑक्टोबर १९७० मध्ये तिसरा अल्बम आला. पहिलं गाणं नेहमीसारखं घोडे उधळल्यासारखं. पण रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली की बहुतेक सगळं लाकडाच्या गिटारवर, लोकगीतांच्या वळणाचं.

समीक्षकांनी काय केलं? आमच्या पोल्ट्रीत झालं तेच. कुणी म्हणालं, हे क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅशची नक्कल करतायत. कुणाला नुसतीच निराशा झाली. आधीच्या दोन अल्बमांच्या मानानं हा खपलाही कमी. पेज इतका चिडला की त्यानं दीड वर्ष पत्रकारांना मुलाखत दिली नाही, आणि १९७१ च्या चौथ्या अल्बमवर बँडचं नावच छापलं नाही.

आणि त्या चौथ्या अल्बममधलं जे गाणं गिटारच्या दुकानात येणारा प्रत्येक पोरगा वाजवून बघतो, त्या 'स्टेअरवे टू हेवन'मध्ये ड्रम किती वेळानं येतात? चार मिनिटांनी. त्याआधी अकूस्टिक गिटार आहे आणि जॉन पॉल जोन्सनं वाजवलेली रेकॉर्डर नावाची लाकडी बासरी आहे. म्हणजे ज्या गाण्याला लोक हेवी रॉकचा कळस म्हणतात, त्याचा निम्मा भाग आमच्या व्याख्येनुसार अंगाई आहे. तिसऱ्या अल्बमची ती चेष्टा झालेली दुसरी बाजू नसती, तर हे गाणं आलं असतं असं मला वाटत नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं ऐकतो, कारण त्यात तथ्य आहे. हेवी बँडांचं मऊ गाणं म्हणजे अनेकदा निव्वळ धंदा असतो. ऐंशीच्या दशकात केस फुगवलेल्या अमेरिकन बँडांनी तो साचाच पाडला होता: दहा गाणी आरडाओरड्याची, एक गाणं लायटर पेटवून डोलायचं. रेडिओवर वाजणार ते एक, अल्बम खपवणार तेही एकच. त्यामुळे मेटलवाल्यांच्या पोटात संशय बसला आणि तो फुकटचा नव्हता. १९८४ मध्ये मेटालिकानं 'फेड टू ब्लॅक' काढलं तेव्हा त्यांच्याच लोकांनी 'विकले गेले'चा शिक्का मारला, तो याच संशयातून.

पण साच्यातलं मऊ गाणं आणि शोधातलं मऊ गाणं वेगळं ओळखता येतं. त्याला फार अक्कल लागत नाही, फक्त गाणं पूर्ण ऐकावं लागतं. साच्यातल्या गाण्यात पुढे काय येणार हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. शोधातल्या गाण्यात बँडलाही ते पुरतं माहीत नसतं. ब्लॅक सॅबाथचा 'पॅरानॉइड' हा १९७० चा अल्बम घ्या. मेटलच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणावा असा. त्यात 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' आहे. ऑझी ऑस्बॉर्नचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलाय, त्यामुळे तो पाण्याखालून आल्यासारखा हलतो. बिल वॉर्डनं ड्रम सोडून काँगा घेतलेत. टोनी आयोमीनं बासरी वाजवलीय. रेडिओवाल्यांना खूश करायचं असतं तर असलं गाणं कुणी केलं नसतं. चोवीस वर्षांनी पँटेरासारख्या दांडग्या बँडनं तेच गाणं पुन्हा वाजवून आपला अल्बम संपवला. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला कसला वाटतो?

किंवा स्वीडनचा ओपेथ. गुरगुरणाऱ्या गळ्यासाठी प्रसिद्ध. त्यांनी एकाच सुमाराला दोन अल्बम रेकॉर्ड केले. २००२ चा 'डिलिव्हरन्स' अंगावर येणारा, आणि २००३ चा 'डॅम्नेशन', ज्यात एकदाही गुरगुर नाही. दुसरा ऐकल्यावर पहिला जास्त जड वाटतो. हे आपल्याकडच्या कुठल्याही भजनी मंडळाला विचारा. मावळातल्या गावात सप्ताह बसतो तेव्हा गजर चढत चढत जातो, पखवाज आणि टाळ कानाचे पडदे हलवतात, आणि एका क्षणी सगळं थांबून एकच आवाज अभंगाची ओळ धरतो. त्या थांबण्यानं गजराला वजन येतं. ख्याल ऐकणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. द्रुत तानांना टाळ्या पडतात, पण गवयाची परीक्षा विलंबितात होते, कारण तिथं लपायला जागा नसते. आमच्या गिटारवाल्यानं अंधारात तेच केलं होतं, लपायची जागा सोडली होती.

आता आपल्या घरातली गोष्ट. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले. लोणावळ्याहून घाट उतरलं की दोन-अडीच तासांवर. तिथं ईएमआयच्या स्टुडिओत त्यांनी इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा बांधून पाहिली. वादकांची मोट बांधली होती बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांनी. 'फोर स्टिक्स' हे मुळात पाच आणि सहाच्या गटांत अडखळत चालणारं गाणं. मूळ गाण्यात जॉन बॉनम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते बडवतो, नावही त्यावरूनच पडलं. मुंबईत तो नव्हता. तीच चाल तबल्याच्या आणि तारांच्या अंगानं गेली आणि गाण्याचा सांगाडा उघडा पडला. जगातला सगळ्यात दणदणीत बँड ज्या खोलीत ड्रमरशिवाय बसला होता, ती खोली मुंबईत होती.

ही रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षांनी! आणि गाण्याच्या नावापुढे कंसात काय छापलंय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. मी बँडच्या प्रयोगांचा भक्त असलो तरी हे मला खुपतं. प्रयोग करणाऱ्याचं नाव होतं आणि ज्यांच्या हातून प्रयोग झाला ते कंसात जातात. हिंदी-मराठी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्यांच्या वाट्यालाही वर्षानुवर्षं हेच आलं. म्हणून 'मऊ बाजू आवडते' एवढं म्हणून थांबू नका. ती बाजू कोण वाजवतंय, हेही विचारा. आपल्याकडे ही रेकॉर्डिंग म्हणजे 'झेपलिन मुंबईत आले होते' एवढ्या बढाईपुरती उरलीय. बढाई मारणाऱ्यांपैकी किती जणांनी ती दोन गाणी शेवटपर्यंत ऐकलीयत?

आणि मोठ्या आवाजाची ही चटक कानापुरती राहत नाही. पावसाळ्यात शनिवारी रात्री पवनेच्या काठावर या. तंबूंच्या रांगा, आणि दर दहा तंबूंमागे एक स्पीकर. समोर तुंग आणि तिकोना ढगात उभे असतात, पलीकडून बेडकांचा आवाज येत असतो, पण तो ऐकायला कुणी मोकळं नाही. एका शनिवारी जिच्याकडे आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली ती मावशी म्हणाली, "पोरांनो, एवढ्या लांब येता, मग घरचाच आवाज कशाला सोबत आणता?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याही सॅकमध्ये स्पीकर होता.

मला वाटतं, आपल्याला शांततेची भीती वाटते, आणि पोरांना जरा जास्तच. मेटल ऐकणं हे आमच्या कॉलेजात मर्दपणाचं सर्टिफिकेट होतं. जो जास्त मोठ्यानं ऐकतो तो जास्त पक्का. हळू गाणं आवडतं असं कबूल केलं की पोरगा एक पायरी खाली उतरायचा. आम्ही त्या संध्याकाळी गाण्याला हसलो नव्हतो. आपल्यातला एक जण आपल्यासमोर उघडा बसलाय, हे आम्हाला सहन झालं नव्हतं. ज्या संगीतानं आम्हाला बंडखोरी शिकवली असा आमचा दावा होता, त्याच्याच नावानं आम्ही एकाला रांगेत उभं केलं आणि त्यानं रांग सोडली.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तिसऱ्या अल्बमची दुसरी बाजू लावा. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल पकडली असेल तर देहूरोडला सुरू करा, लोणावळा येईपर्यंत ती सहज संपते. मधे स्किप करू नका. नाही आवडली तर खुशाल सांगा की नाही आवडली, चाल कंटाळवाणी आहे, गळा लागलेला नाही, काय वाट्टेल ते. ती टीका झाली. 'हे आपल्या बँडला शोभत नाही' ही टीका नाही, ती पहारेदारी आहे. आणि तुमच्या बँडमध्ये कुणी लाईट गेल्यावर लाकडी गिटार उचलली, तर निदान मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा.

आमच्यापैकी कुणी ते केलं नाही. मागच्या वर्षी तळेगाव स्टेशनवर तो भेटला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर मी त्याला त्या संध्याकाळच्या चालीबद्दल विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "कुठली चाल रे? मला नाही आठवत."

मला थोडी आठवते. सुरुवातीचे चार सूर आणि मधला तो एक, चुकून लागल्यासारखा. पुढचं काही आठवत नाही, कारण पुढे आम्ही हसत होतो.