जाड ऑइलचं वेड

वेगवान गाडी म्हटली की गॅरेजमधला जाणकार हमखास जाड ऑइल सुचवतो. पण १९९९ सालच्या होंडा एस२०००चं इंजिन मिनिटाला जवळपास ९,००० फेरे मारायचं, आणि कंपनीने त्याला सांगितलं होतं साधं १०डब्ल्यू-३०. पाठोपाठ आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ला, ८,०००च्या इंजिनाला, मात्र १०डब्ल्यू-६०. पहिला आकडा थंड इंजिनातला ओघ सांगतो, दुसरा तापल्यावरची जाडी. ती किती हवी हे बेअरिंगमधल्या फटीसारख्या बारकाव्यांवर ठरतं, मालकाच्या हौसेवर नाही. ‘फुल्ली सिंथेटिक’ या सोनेरी अक्षरांनीही हुरळू नये. अमेरिकेत १९९९च्या एका निवाड्यानंतर कच्च्या तेलातूनच खूप शुद्ध केलेलं बेस ऑइलही सिंथेटिक म्हणून खपतं. ते वाईट असतं असं नाही, पण भाव मात्र अक्षरांचा लागतो! मी डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचतो: फोक्सवॅगन ५०२ ००, मर्सिडीज २२९.५, पोर्शे ए४० अशी गाडी-कंपन्यांची मानकं. ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘साठी योग्य’ यांत फरक आहे. दुसरा दावा ऑइलवाल्याचा स्वतःचा. डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो इंजिन असेल, तर डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा आहे का हेही बघावं. कारण अशा इंजिनात कमी फेऱ्यांवर जोर दिला की मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो, आणि ऑइलमधलं जास्तीचं कॅल्शियम त्याला हातभार लावतं.