दावा कोर्टात, पण धडा आपल्या हातात

सीमाभागातील मराठी शाळांसाठी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. ते योग्यच होते. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आपल्या मुलांची दहावी त्यासाठी थांबत नाही.

माझी भाची बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला आहे. गणित अडले की मोबाइलवर व्हिडिओ शोधते. मराठीतले चांगले व्हिडिओ मिळतात, पण बहुतेक बालभारतीच्या पुस्तकावरचे. तिचे पुस्तक कर्नाटकचे, परीक्षा मंडळही कर्नाटकचे. धड्यांचा मेळ बसत नाही. मग कंटाळून ती इंग्रजी व्हिडिओ लावते. मराठी शाळा अशीही हातची जाते, हे आपल्या ध्यानात येते का?

तेव्हा आपल्या पुस्तकावरचे व्हिडिओ आपल्याच गुरुजींनी आणि बाईंनी केले पाहिजेत. हे खर्चाचे काम आहे, हा गैरसमज आहे. अमेरिकेतील सलमान खान (सिनेनट नव्हे!) हे गुंतवणूक क्षेत्रात नोकरी करीत. 2004 साली ते नात्यातल्या एका मुलीला दुरून गणित शिकवू लागले आणि 2006 पासून धडे यूट्यूबवर टाकू लागले. पडद्यावर त्यांचा चेहराही नसे. फक्त आकडे आणि आवाज. त्यातून खान अकॅडमी उभी राहिली.

आपल्यालाही तेवढेच पुरे. स्टुलावर पुस्तके रचून मोबाइल खाली वहीकडे तोंड करून ठेवावा. पंखा बंद, खिडकी उघडी. एका व्हिडिओत एकच मुद्दा, पाच-सात मिनिटांत. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवला, तर लिंक ज्याच्याकडे आहे त्यालाच तो दिसतो. लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यावी. नेट नसलेल्या घरांसाठी पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आहेच. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे मात्र दाखवू नयेत.

मी बँकेतला कारकून. व्हाउचरला नंबर नसेल तर ते वेळेवर सापडत नाही, हा रोजचा अनुभव. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या नावात इयत्ता, विषय आणि धड्याचा क्रमांक हवाच.

शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, हे मान्य. म्हणूनच हे काम एकट्या शाळेवर ढकलू नये. मंडळाने कार्यालयातली एक खोली रविवारी सकाळी मोकळी करावी. निवृत्त शिक्षकांना बोलवावे, कॉलेजच्या मुलांनी चित्रीकरण करावे. सुरुवात दहावीच्या गणितापासून व्हावी. नोंदवही ठेवायला मी तयार आहे.

भाषेसाठी घोषणा देणारे आपण, तिच्यातला एक धडा तरी मुलांच्या हाती देऊ या.