उत्तराचं तिकीट

मोठ्या माणसाला पत्र लिहिताना सोबत परतीचं तिकीट घालू नये, घातलं तर त्याचा अपमान होतो, असा एक समज आपल्या बायकांत घट्ट बसला आहे. "तिकीट कशाला घालतीस आक्का? त्यांना काय पाच रुपये जड आहेत?" पिरनवाडीत हे मी कितीदा ऐकलंय! मला हा समज साफ नापसंत आहे. पाच रुपये तुम्हाला तरी कुठं जड आहेत? मग घाला की!

नाव मोठं झालं म्हणजे घरात टाकसाळ लागत नाही. आपल्या बेळगावच्याच इंदिरा संत घ्या. 1946 साली पती गेले, तीन मुलं पदरात, शिकवण्याची नोकरी आणि त्यातून कविता. अशा बाईला आपण चार पानं लिहायची नि खाली "उत्तराची वाट पाहते" म्हणून सही ठोकायची. म्हणजे वेळ तिचा, कागद तिचा, पाकीट तिचं, तिकीटही तिचंच. आपलं काय, तर प्रेम! दहा जणींनी असं प्रेम केलं तर त्या घरच्या भाजीला कात्री लागायची. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींच्या निवडक पत्रांचे चार खंड आपण कौतुकानं वाचतो. पण प्रत्येक पत्राला तिकीट लागतं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

नुसतं सुटं तिकीट घालून भागत नाही, ते कागदातून निसटतं. तिकीट चिकटवलेलं पाकीटच दुमडून घालावं. तेवढ्यानं वजन 20 ग्रॅमच्या वर गेलं तर बाहेर जादा तिकीट लावावं, नाहीतर तुटीची दुप्पट रक्कम त्यांच्याकडूनच वसूल होते. छान सन्मान! आतल्या पाकिटावर पत्ता आपल्या हातानं लिहावा. पुण्या-मुंबईचा माणूस मराठी पत्र बघतो नि 'बेळगाव, महाराष्ट्र' लिहून मोकळा होतो. सीमाप्रश्न पाकिटावर सुटत नसतो, बायांनो. 'कर्नाटक' आणि पिन कोड स्वच्छ लिहा.

दुसरंही कारण आहे. सुनेच्या नावानं परक्या अक्षरातलं पाकीट आलं, की ते सोप्यात फुटूनच आत येतं. तिच्या स्वतःच्या अक्षरातलं पाकीट निदान न फुटता हातात पडण्याची आशा असते. याला कुणी लपवाछपवी म्हणेल. म्हणू दे. फोडणाऱ्याला कुणी काही म्हणतं का?

तिकीट घातलं म्हणून उत्तर विकत घेतलं, असं मात्र नव्हे. पाच रुपयांत कुणाची संध्याकाळ मिळत नाही, तेव्हा रागाचं दुसरं पत्र धाडू नये. पण वर्षभर पाकीट दाबून बसणाऱ्या नटालाही मी थोर म्हणणार नाही. त्यावर नाव दुसरीचं आहे. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेण्याला काय म्हणतात, ते आपल्या पाठशाळेतली पोरंही सांगतील. दोन ओळी सुचत नसतील तर कोरा कागद घालून का होईना, ते पाकीट परत धाडावं.