इराण्याची कपबशी

परतूरच्या स्थानकावरून मुंबई-पुण्याची वाट धरणारा श्रमिक तेथे ‘परका’ ठरवला जातो, तेव्हा मुंबईला तिच्या एका जुन्या परक्याचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. तो परका म्हणजे इराणी.

याझ्द व केरमान येथील जरथुश्त्रींवर धर्मापायी जिझिया लादलेला होता. मुंबईच्या पारशांच्या प्रयत्नांनी १८८२ मध्ये तो रद्द झाला; दारिद्र्य व अवहेलना मात्र टळली नाही. अनेक कुटुंबे मुंबईत आली आणि चहा व ब्रून-मस्क्याची दुकाने थाटून बसली. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबलापाशी कामगार, कारकून व विद्यार्थी शेजारी बसू लागले. इराणी क्रांतिकारक नव्हता, दुकानदार होता. पण गिऱ्हाइकाची जात विचारण्याचे त्याला कारण नव्हते.

इकडे खेडोपाडी हॉटेलांच्या वळचणीला दलितांसाठी निराळी कपबशी टांगलेली असे. १९७२ मध्ये बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभारावी लागली, ती याच कलंकापायी. निर्वासिताला जे साध्या व्यवहारातून जमले, ते भूमिपुत्रांना धर्मग्रंथांच्या पारायणातूनही जमले नाही!

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन्ही आघाड्या एकदमच लढविल्या पाहिजेत. शहरात स्थलांतरिताच्या हक्कासाठी उभे राहायचे आणि गावात वेगळी कपबशी खपवून घ्यायची, हा समाजवाद नव्हे. परतूरच्या श्रमिकाला मुंबईत सन्मान हवा असेल, तर त्याची सुरुवात परतूरच्या चहाच्या टपरीपासूनच झाली पाहिजे.