पक्षाचें काम फुकट करावें काय ?

आपल्या मासिकांत पीक, पाणी, खत व बाजार यांविषयीं लेख येतात, आणि तें योग्यच आहे. तरी आज एका निराळ्या विषयाकडे शेतकरी बंधुभगिनींचें लक्ष वेधण्याची अनुज्ञा घेतों. गांवोगांवचीं अनेक माणसें, विशेषतः तरुण मंडळी, कोणत्या ना कोणत्या राजकीय पक्षासाठीं आपला वेळ विनामूल्य खर्च करितात. सभेच्या सतरंज्या अंथरण्यापासून मतदानाच्या दिवशीं केंद्रावर बसण्यापर्यंत बहुतेक कामें हींच माणसें पार पाडतात. घरचीं वडील माणसें त्यांस म्हणतात, "लष्कराच्या भाकऱ्या भाजणें सोड आणि शेतांत चल." उलटपक्षीं पुढारी त्यांस निष्ठावंत म्हणून हार घालतात. या दोहोंत खरें काय, याचा शांतपणें विचार व्हावा अशी इच्छा आहे.

माझें मत आरंभींच सांगतों. पक्षाचें काम विनामूल्य करणें कमीपणाचें नाहीं. शेतकऱ्यानें तें अवश्य करावें. परंतु वेळ फुकट दिला म्हणून तो बिनहिशेबी देऊं नये. सहकारी कारखान्याचा भाग घेतांना आपण पैसे भरतों, तेव्हां त्याबरोबर सर्वसाधारण सभेंतील एक मतहि मिळवितों. पक्षास दिलेला वेळ हें तसेंच भागभांडवल आहे. ज्यानें तें भरलें त्यास पक्षाच्या निर्णयांत मत असावें. तें नसेल तर त्या श्रमास सेवा न म्हणतां दुसरें एक जुनें नांव द्यावें लागेल. तें नांव वेठ.

शेतकऱ्यानें राजकारणापासून अलिप्त राहावें, असें म्हणणारे सज्जन आहेत. त्यांनीं लासलगांवच्या बाजाराकडे पाहावें. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें; त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निर्यातच बंद झाली; ती बंदी मे २०२४ मध्यें उठली. हे हुकूम आभाळांतून पडत नाहींत. ते सरकार काढतें, सरकार पक्ष चालवितो आणि पक्ष माणसें चालवितात. तेथें आपलें माणूस नसेल तर आपल्या कांद्याचा विचार दुसरे कोणी तरी, आपल्या सोईनें करणार, हें उघड आहे.

मी महसूल खात्यांत कारकून होतों. सरकारी नोकरास राजकीय पक्षाशीं संबंध ठेवण्याची महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनीं मनाई आहे, व ती मीं पाळिली. तेणेंकरून सर्व पक्षांचे कार्यकर्ते टेबलाच्या या बाजूनें सारख्याच नजरेनें पाहावयास मिळाले. त्यांत दोन प्रकार स्पष्ट दिसत. एक प्रकार निवडणुकीपूर्वीं दोन महिने गळ्यांत उपरणें घालून येई, मोठ्यानें बोले व निकालानंतर दिसेनासा होई. दुसऱ्या प्रकारचा मनुष्य साध्या दिवशीं, एखाद्या विधवा बाईस बरोबर घेऊन, वारसनोंदीची चौकशी करावयास येई. फेरफाराचा क्रमांक टिपून घेई व तारीख लक्षांत ठेवून पुन्हां येई. हा मनुष्य कोणत्या पक्षाचा, हें पुष्कळदां आम्हांस ठाऊक नसे. पण त्याच्या गांवास ठाऊक असे. माझ्या मतें पक्षाचें खरें काम या दुसऱ्या मनुष्याचें.

वेठ हा शब्द महसुली दप्तरास नवा नाहीं. महार वतनदारास अल्पशा इनामाच्या किंवा बलुत्याच्या मोबदल्यांत सरकारी कामासाठीं केव्हांहि हजर व्हावें लागे. ही स्थिति पालटावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. कनिष्ठ गांववतनें रद्द होण्यास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. आपल्या शेजारच्या ठाणें जिल्ह्यांत १९४५ सालीं वारली शेतकऱ्यांनीं किसान सभेच्या झेंड्याखालीं वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर त्या लढ्यांत अग्रभागीं होत्या. या इतिहासावरून वेठीचीं लक्षणें ठरवितां येतात. मजुरी न मिळणें एवढेंच तिचें लक्षण नव्हे. श्रम घेणारा विचारीत नाहीं, देणाऱ्यास नाहीं म्हणतां येत नाहीं आणि फळांत देणाऱ्याचा वांटा नसतो, तेथें वेठ असते.

उलट, मजुरी नसूनहि जें वेठ नव्हतें, त्याचा दाखला नाशिक शहरांतच आहे. २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला व तो सुमारें पांच वर्षें चालला. त्यांत आलेल्या स्त्रीपुरुषांस रोज मिळत नव्हता. मार व तुरुंग मात्र मिळाला. दिंडोरी तालुक्यांतील आंबे गांवचे भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांनीं त्या सत्याग्रहाचा भार वाहिला. मंदिर त्या वेळीं उघडलें नाहीं. परंतु त्या लढ्यांत तयार झालेलीं माणसें १९३६ सालीं स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षास मिळालीं, आणि १९३७ सालीं त्या पक्षाच्या वतीनें डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें बिल मुंबईच्या असेंब्लींत मांडलें. पुढें १९५७ सालीं दादासाहेब नाशिकांतून लोकसभेवर निवडून गेले. दिलेला वेळ कोठें गेला, हें तेथें देणाऱ्यास दिसत होतें.

आतां दुसरा दाखला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें नोव्हेंबर १९८० मध्यें कांदा व ऊंस यांच्या भावासाठीं नाशिक जिल्ह्यांत रस्ते व रेल्वे अडविली. हजारों शेतकरी घरची भाकरी बांधून आले. खेरवाडी येथें गोळीबारांत दोन शेतकरी प्राणास मुकले. एवढा त्याग करणाऱ्या संघटनेनें १९९४ सालीं स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हां रस्त्यावर आलेलीं माणसें त्याच संख्येनें मतपेटीपर्यंत गेलीं नाहींत. यांत त्या माणसांचा दोष पाहूं नये. आंदोलनास एक दिवसाचें धैर्य पुरतें. पक्षास वर्षानुवर्षें प्रत्येक गांवीं बसून काम करणारा मनुष्य लागतो. तो अगोदर तयार व्हावा लागतो.

तिसरा दाखला पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे. ६ मार्च २०१८ रोजीं किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईस पायीं निघाला व सुमारें १८० किलोमीटर चालून १२ मार्च रोजीं आझाद मैदानावर पोंचला. दहावीच्या परीक्षेस बसलेल्या मुलांची गैरसोय होऊं नये म्हणून शेवटची मजल त्यांनीं रात्रीं मारली. सुरगाणें, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी शेतकऱ्यांची त्यांत मोठी संख्या होती, आणि वनजमिनीचे दावे ही त्यांची मुख्य मागणी होती. सरकारनें लेखी आश्वासन दिलें. तरी मार्च २०२३ मध्यें दिंडोरीहून पुन्हां मोर्चा निघाला. आश्वासन आणि सातबारा यांच्यामध्यें कागदांचा लांब रस्ता असतो, आणि त्या रस्त्यानें चालावयास हजारों माणसें नकोत. प्रत्येक गांवीं दोन चिकाटीचीं माणसें हवीं असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं आदिवासी शेतकऱ्याचा १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासूनचा कबजा दाखवावा लागतो. वैयक्तिक हक्काची मर्यादा ४ हेक्टर आहे. एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. दावा ग्रामसभा, उपविभागीय समिति व जिल्हा समिति असा जातो. कोठें अडला तें विचारणारा कोणी नसेल तर तो अडलेलाच राहतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. जून २०२२ मध्यें शिवसेना व जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेस या पक्षांत फूट पडली. कोणाची बाजू न्याय्य, हा या लेखाचा विषय नाहीं. खरा पक्ष कोणाचा, हा वाद निवडणूक आयोगापुढें गेला. आयोगानें १७ फेब्रुवारी २०२३ व ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं आपले निर्णय दिले. दोन्हीं वेळीं संघटनेंतील बहुमतावरून निर्णय करितां आला नाहीं. अखेर आमदार-खासदार कोणाकडे अधिक, हें मोजून नांव व चिन्ह देण्यांत आलें. याचा अर्थ शेतकऱ्यानें नीट समजून घ्यावा. ज्यानें वीस वर्षें सतरंज्या उचलल्या, भिंती रंगविल्या व केंद्रावर उपाशी बसून काढले, त्याची मोजणीच झाली नाहीं. सभासदांची चोख यादी आणि रीतसर निवडलेले पदाधिकारी असते, तर ती मोजणी करावयास कांहीं तरी आधार राहिला असता. ज्या श्रमाची नोंद नाहीं, तो श्रम वादाच्या वेळीं शून्य धरला जातो. आम्ही कारकून लोक हें जन्मभर सांगत आलों: कबजा कितीहि जुना असो, त्याची दप्तरीं नोंद हवी.

पूर्वीं असें नव्हतें. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसनें चार आणे वर्गणीचे सभासद केले, व खालपासून वरपर्यंत समित्या निवडण्याची घटना केली. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांतील फैजपूर येथें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें. स्वयंसेवकांनीं त्यासाठीं अपार श्रम केले, आणि त्याच मंडपांत शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. परदेशांतहि, इंग्लंडच्या मजूर पक्षाचा सभासद वर्गणी भरतो व पक्षाचा नेता निवडण्यास मत देतो. मग आपल्याच कार्यकर्त्यास उमेदवार कोण हें वर्तमानपत्रांतून कां कळावें ?

म्हणून पक्षाचें काम करणाऱ्यांस चार गोष्टी सुचवितों.

पहिली, वेळ कशासाठीं द्यावयाचा तें ठरवावें. घोषणा, मिरवणुकी व गाड्यांचे ताफे यांस वेळ थोडा द्यावा. मतदारयादी वाचण्यास अधिक द्यावा. नवें नांव घालण्यास नमुना ६, हरकत घेण्यास किंवा नांव वगळण्यास नमुना ७ व दुरुस्तीस किंवा पत्ता बदलण्यास नमुना ८ आहे. हे भरून देणारा मनुष्य गांवाचें कायमचें हित करितो. मतदानाच्या दिवशीं केंद्रावर बसणाऱ्यानें आरंभींच्या चांचणी मतदानास हजर राहावें. त्यांत निदान ५० मतें टाकून पाहिलीं जातात. संध्याकाळीं झालेल्या मतांच्या हिशेबाची, म्हणजे नमुना १७-सी ची प्रत घेतल्याविना उठूं नये. हा कागद घेणें हें दहा भाषणांहून मोलाचें काम आहे.

दुसरी, वेळेचा हिशेब ठेवावा. साध्या वहींत दिवस, काम व लागलेला वेळ लिहावा. वर्षाअखेर ती वही तालुक्याच्या बैठकींत मांडावी, आणि सभासदांची यादी, वार्षिक सभा व उमेदवारीपूर्वीं कार्यकर्त्यांचें मत या तीन गोष्टी लेखी मागाव्या. पक्ष देत नसेल तर पुढील वर्षीं आपला वेळ ग्रामसभेस किंवा सोसायटीस द्यावा. नाहीं म्हणण्याचा हा अधिकार राखला म्हणजेच सेवा ही सेवा राहते.

तिसरी, घरच्या माणसांस विचारावें. २० नोव्हेंबर २०२४ चें विधानसभेचें मतदान आलें तेव्हां द्राक्षबागांत फवारणीची घाई व उन्हाळ कांद्याच्या रोपांचें काम चालू होतें. पुरुष प्रचारास गेला म्हणजे तें काम थांबत नाहीं. घरची बाई तें अंगावर घेते. तेव्हां पक्षास दिलेला वेळ अर्धाअधिक तिचा असतो, आणि हार मात्र त्याच्या गळ्यांत पडतो. तिची संमति नसतां दिलेला वेळ ही तिच्याकडून घेतलेली वेठच होय. तिची संमति असेल तर सभासदांच्या यादींत तिचेंहि नांव असावें.

चौथी, ढाब्यावरचें जेवण व गाडींतलें पेट्रोल यांस मोबदला समजूं नये. विधानसभेच्या उमेदवारास खर्चाची कमाल मर्यादा ४० लक्ष रुपये आहे व लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ अन्वयें त्यास खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो. त्या हिशेबांत जेवणाचें ताट मोजलें जातें. ज्यानें रात्रंदिवस काम केलें त्याचा विचार मोजण्याची जागा तेथें नाहीं. ज्यानें ताट स्वीकारलें त्यास उद्यां प्रश्न विचारितांना संकोच होतो. स्वतःची भाकरी बांधून जाणाऱ्यास तो होत नाहीं.

कोणी म्हणेल, असे हिशेब मागितले तर पुढारी दुसरीं माणसें पाहतील. पाहूं द्यावीं. भाड्याचा मनुष्य उपरणें घालील, घोषणा देईल. पण यादींतलें चुकलेलें नांव त्यास ओळखतां येणार नाहीं, कारण त्या घरास तो ओळखीत नाहीं. गांवचा माहितगार मनुष्य हेंच पक्षाचें खरें भांडवल आहे, व तें आपल्या हातीं आहे. यापुढें कोणत्याहि पक्षानें काम सांगितलें, तर तें आनंदानें पत्करावें. मात्र त्या वेळींच सभासदांची यादी दाखवावयास सांगावी व तींत आपलें नांव आहे कीं नाहीं तें स्वतः वाचून पाहावें.